मापाचा ब्लाउज

लहानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाचा तरी ब्लाउज शिवत होतो. फोन बागेतून होता. चिकू तोडताना पाय सटकला, थेट बांधावर पडला, दवाखान्यात नेईपर्यंत... पुढचं मी ऐकलंच नाही. मशीनवरचा पाय थांबला आणि नजर आपोआप समोरच्या खिळ्याकडे गेली. तिथे एक जुना हिरवा ब्लाउज टांगलेला होता, जवळपास वर्षभर. त्याच्याखाली फळीवर कागदात बांधलेली पिवळी साडी. लहानूच्या घरी या दोन्ही वस्तूंचा कुणाला पत्ता नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

लहानू आणि मी आशागडच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे मी मसोलीत शिलाईचं दुकान टाकलं, तो चिकूच्या बागेत लागला. जनी तलासरीकडची. महालक्ष्मीच्या जत्रेत एका बांगडीवाल्यापाशी दोघांची ओळख झाली. नंतर ती त्याच्याच बागेत चिकू निवडायला आली, आणि हा झाडावरून मुद्दाम एखादा पिकलेला चिकू तिच्या टोपलीशेजारी टाकायचा. "वर माकड बसलंय का रे?" ती ओरडायची. "माकडच आहे, पाळतेस का?" हा वरून. एके वर्षी, भातलावणीच्या आधी, ती सरळ त्याच्या घरी राहायला आली. आमच्या पाड्यांवर यात कुणाला वावगं वाटत नाही. संसार आधी, लग्न सवडीनं, गावाला जेवण घालायला जमेल तेव्हा. यांना ती सवड कधी मिळालीच नाही. मुलगा कामाला जायला लागला तरी लग्न राहिलेलंच होतं. आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणत होतो.

जनीला एकच गोष्ट बोचायची. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. तो लिहायचा मान सवाशिणींचा, म्हणजे रीतसर लग्न लागलेल्या आणि नवरा हयात असलेल्या बायकांचा. जनीचा हात फार सुरेख होता. आपल्या घराच्या कुडावर तिनं काढलेला मोर बघायला शेजारच्या पाड्यावरच्या बायका यायच्या. पण लग्नघरात तिच्या वाट्याला यायचं ते तांदूळ वाटायचं काम. वाटलेलं पीठ वाटीत काढून ती दुसऱ्यांच्या हातात द्यायची आणि बाहीवर उडालेले पिठाचे शिंतोडे तसेच वाळू देत मागे उभी राहून बघायची. भावाच्या मुलीच्या लग्नात एका म्हातारीनं, "तू लांब हो गं, तुझं अजून लागायचंय," असं हसत म्हटलं. जनीही हसली. लहानू मात्र हसला नाही.

जत्रा जवळ आली होती. एका दुपारी तो शर्टाच्या आत काहीतरी लपवून दुकानात आला. जनीचा जुना ब्लाउज होता, मापासाठी. दुसऱ्या हातात पिवळी साडी. एका खोलीच्या घरात लपवणार कुठे?

"मास्तर, तिला कळता कामा नये. जत्रेत त्याच बांगडीवाल्यासमोर साडी आणि तिच्यावरचा नवा ब्लाउज हातात द्यायचा आणि विचारायचं, लग्न करतेस का माझ्याशी?"

"या वयात?"

"मग काय! नाही म्हणाली तर साडी तू नेस."

ब्लाउजचं कापड मी त्याच दिवशी कापून ठेवलं. पण लग्नसराई होती. शिंप्याच्या दुकानात जो ओरडतो त्याचं काम आधी होतं. लहानू कधी ओरडला नाही. तो यायचा, खिळ्याकडे बघायचा, मी म्हणायचो "उद्या", आणि तो चहा पिऊन जायचा. मित्राला थांबवता येतं, असा माझा हिशेब... जत्रा आली आणि गेली. मी खाली मान घालून बसलो होतो, तर तोच म्हणाला, "जाऊ दे. पुढच्या जत्रेला. विचारीन तर तिथंच विचारीन." हातात वर्ष होतं, तरी मी शिवला नाही. थंडीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. घरं हादरायची, माणसं अंगणात प्लास्टिक बांधून झोपायची. त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "जमीन थांबू दे, मग बसतो." जमीन हलत होती हे खरं. पण त्या दिवसांत इतरांचे ब्लाउज मी शिवतच होतो.

पुढच्या जत्रेआधीच तो गेला. दिवसकार्य झाल्यावर मी तो ब्लाउज एका बैठकीत शिवून संपवला. किती थोडं काम होतं ते! साडी आणि ब्लाउज घेऊन जनीकडे गेलो. कुडावरचा मोर तसाच होता. तिनं कागद सोडला, साडीवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "आली का शेवटी?"

"माहीत होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, माझा हिरवा ब्लाउज घरातून गेला तेव्हाच मी समजले. तेवढाच न्यायला चोर कशाला येईल? आणि यानं पिवळी साडी घेतलेली शेजारणीनं पाहिली होती. जत्रेत मी दिवसभर त्याच्या पिशवीकडे बघत होते. बांगडीवाल्यापाशी तो उभा राहिला, मला वाटलं आता... काहीच बोलला नाही. मला वाटलं, मन फिरलं याचं. मग मीही कधी विषय काढला नाही."

"त्याचं मन नव्हतं फिरलं, वहिनी," मी म्हणालो. "मी शिवला नव्हता."

ती साडीची घडी पुन्हा घालू लागली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

साडी आणि नवा ब्लाउज तिनं पेटीत ठेवून दिला. आता चौक लिहायला तिला कुणी बोलावणार नाही. तांदूळ वाटायलाही नाही, कारण विधवेला तेवढंही देत नाहीत. जुना ब्लाउज तिनं परत मागितला नाही आणि द्यायचा धीर मला होत नाही. तो अजून खिळ्यावर आहे. त्याच्या बाहीच्या काठावर पांढरे ठिपके आहेत. वर्षभर मी ते माझ्याच खडूचे समजत होतो. परवा पहिल्यांदा अंगठ्यानं झटकून पाहिले. खडू असता तर गेला असता.