दोन भरली वांगी आणि पेत्राचं ताट

भर पंगतीतून मी ताट घेऊन उठलो आणि ते कचऱ्याच्या पिंपात टाकलं. ताटात दोन भरली वांगी होती, पोटात भूक होती आणि वांगी मला आवडतात. तरीही टाकलं. माझ्या मूर्खपणांची यादी लांबलचक आहे. त्यातले बरेचसे मी चारचौघांत रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. हा एक सांगितला की कुणी हसत नाही, म्हणून तो मागेच ठेवत आलो.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. डॅलसजवळ मी एम.एस. करत होतो, आणि माझ्याकडे गाडी नव्हती. टेक्ससमध्ये गाडी नसलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आपल्याकडे फक्त लग्न मोडलेल्या माणसाकडे बघतात. एका रविवारी अर्विंग गावातल्या भारतीय किराणा दुकानातून तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन बसस्टॉपवर तासभर उभा होतो आणि न येणाऱ्या बसला मराठीत शिव्या घालत होतो. शेजारी एक भली मोठी स्टेशन वॅगन थांबली. आतून शांत आवाज आला, "ती रविवारी येतच नाही. बैस, सोडतो. आणि तिसरी शिवी चुकीची दिलीस."

हे काका. नगर जिल्ह्यातले. काकू नर्स, ती आधी आली. मागून हे आले आणि त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायला लागले. काकांच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा त्यांचं घर गावाच्या वेशीबाहेर होतं. "धर्म घेतल्यावर आत आलं असेल," मी पहिल्याच भेटीत म्हणालो. "नाही रे," काका म्हणाले, "देव बाहेर आला. घर तिथंच राहिलं." आणि हसले. मीही हसलो. कशाला हसलो, ते मला कळलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे. तीन-चार मराठी कुटुंबं जमायची, पेटीवर भजनं व्हायची, मग काका बायबलातल्या पौलावर बोलायचे आणि मग जेवण. मी पौलासाठी जात नव्हतो, काकूच्या मटणासाठी जात होतो, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाची हरकत नव्हती. पण फुकट जेवणाऱ्याला मत असावं लागतं, नाहीतर तो नुसताच फुकटा दिसतो. म्हणून मी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणून निम्मं वाचलं आणि पुढच्या रविवारी रस्सा ओरपता ओरपता जाहीर केलं, "काका, खरं सांगू का? तुमचा धर्म येशूने काढलाच नाही. पौलाने काढला."

काकूने डाव पातेल्यातच ठेवला. काका म्हणाले, "बरं. मग येशूने काय केलं?"

"येशू म्हणजे रिसर्च. पौल म्हणजे प्रॉडक्शन."

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग चष्मा लावून म्हणाले, "अर्धं पुस्तक वाचलंस ना? उरलेलं मी सांगतो." आणि त्यांनी मला अंत्युखियाच्या पंगतीची गोष्ट सांगितली.

गोष्ट अशी. पौलाने येशूला देहाने कधी पाहिलं नव्हतं. उलट आधी तो येशूच्या माणसांना धरून तुरुंगात घालत होता. मग उलटा फिरला आणि गावोगाव हिंडून यहुदी नसलेल्या लोकांना आत घ्यायला लागला. सुंता नको, खाण्यापिण्याचे नियम नकोत, या आणि बसा. अंत्युखिया नावाच्या शहरात यहुदी आणि परके एकत्र जेवायला लागले. पेत्र, म्हणजे येशूचा थोरला शिष्य, तोही तिथे आला आणि त्या परक्यांच्या शेजारी बसून जेवला. मग यरुशलेमहून याकोबाकडची, म्हणजे येशूच्या भावाकडची, माणसं आली. सोवळ्यातली. त्यांना बघून पेत्र हळूच उठला आणि वेगळा बसायला लागला. तो उठला म्हणून बाकीचेही उठले. बर्णबा, पौलाचा सगळ्यात जवळचा सोबती, तोसुद्धा उठला. तेव्हा पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर, तोंडावर सुनावलं.

"आणि पेत्र काय म्हणाला?"

"ते लिहिलेलं नाही. पौलाने स्वतःचंच बोलणं लिहून ठेवलंय. पेत्र बहुतेक काहीच बोलला नसेल. बोलणार काय?" काकांनी माझ्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले. "तू प्रॉडक्शन म्हणतोस. तसं नाही. त्या दिवशी पौल गप्प बसला असता, तर दोन पंगती पडल्या असत्या. एक पंगत यरुशलेमात जेवून उठली असती, दुसरी आपोआप मोडली असती, आणि माझ्या आजोबापर्यंत काही पोचलं नसतं. सगळं अडलं होतं ते कोण कुणाशेजारी जेवणार यावर."

मी पुण्यातल्या ज्या घरातून आलो त्या घरात कोण कुणाशेजारी जेवणार, हे कुणी बोलून दाखवत नसे. त्याची गरजच पडत नसे. ही गोष्ट मला फार म्हणजे फार आवडली. आवडण्याचं कारण उघड होतं: तिच्यात पेत्राची फजिती होती आणि मी स्वतःला पौलाच्या बाजूचा समजत होतो.

त्याच वर्षी मी मराठी मंडळाच्या कमिटीवर होतो. अक्षर बरं होतं आणि निमंत्रणपत्रिका हाताने लिहून झेरॉक्स काढायच्या असत. मंडळात हिवाळ्यात महिन्याला एक व्याख्यान व्हायचं, मग जेवण. आधीची व्याख्यानं टॅक्सवर आणि कोलेस्टेरॉलवर झाली होती. मी काकांचं नाव सुचवलं. अध्यक्ष भले गृहस्थ. मी आलो तेव्हा स्वतःचा जुना कोट त्यांनी मला दिला होता. ते म्हणाले, "ठेव की. इतिहास म्हणून ठेव. धर्म म्हणून नको."

काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अकरा वर्षं मेंबर आहे. एकदा आपल्या माणसांत आपल्या भाषेत बोलायचं होतं." काकू भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "बोलणं ऐकतील रे. टाळ्यापण वाजवतील. जेवतील का, ते बघ."

तिच्या बोलण्याचा अर्थ मला आठवड्याने कळला. जेवणासाठी कुणी काय आणायचं याची यादी माझ्याकडे आली. मागच्या वर्षांच्या याद्याही त्याच फाइलीत होत्या. पोळ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, प्रत्येक पदार्थासमोर एक घर. काकूच्या नावासमोर दर वर्षी एकच: पेपर प्लेट्स, ग्लास, बर्फ. अकरा वर्षं. कुणी कधी वाईट बोललं नव्हतं. फक्त फोन यायचा, "तुम्ही नर्सिंगमध्ये बिझी असता, तुम्हाला कशाला त्रास. प्लेट्स आणा."

मी पेन काढलं, प्लेट्स-बर्फ खोडलं, माझ्या नावावर घेतलं आणि काकूसमोर ठळक अक्षरांत लिहिलं: भरली वांगी, चाळीस माणसांची. स्वतःचा इतका अभिमान मला नंतर डिग्री मिळाल्यावरही वाटला नाही.

काकांच्या भाषणाची प्रतही मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली. उतरवताना एक वाक्य स्वतःचं घुसडलं: "पेत्र उठला तेव्हा त्याच्या ताटात काय उरलं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही." काकांनी वाचलं आणि म्हणाले, "चांगलंय. राहू दे."

भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम झाला. काका फार छान बोलले. यरुशलेम आणि अंत्युखिया म्हणजे जणू नगर जिल्ह्यातलीच दोन गावं, असं बोलले. माझं वाक्य आलं तेव्हा लोक हसले आणि मी पहिल्या रांगेतून मागे वळून कोण कोण हसतंय ते बघून घेतलं. टाळ्या भरपूर झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "डोळे उघडले तुम्ही आमचे."

मग जेवण. वांग्यांचा ट्रे लांब टेबलाच्या अगदी टोकाला, कोकच्या बाटल्यांपलीकडे गेला होता. तिथे कुणी सरकवला ते दिसलं नाही. रांग पुढे सरकायची, मसालेभातापर्यंत यायची आणि वळायची. "मला गॅसेस होतात हो वांग्याने." "आमच्याकडे मुलं खात नाहीत." मुलं काही न विचारताच इंग्रजीत पिझ्झा मागत होती, तेवढं मात्र खरं. मी दोन वांगी घेतली, मोठी बघून, आणि काका-काकूंच्या शेजारी जाऊन बसलो. माझ्याबरोबर माझा रूममेट, नागपूरचा. त्यानेही एक घेतलं. काकू माझ्या ताटाकडे बघत होती. ती पदर सारखा करून सरळ बसली.

तेवढ्यात अध्यक्षांचे सासू-सासरे आले. त्याच आठवड्यात पुण्याहून आलेले. व्याख्यान टाळून थेट जेवायला. सासरे ओळखी करून घेत फिरत फिरत माझ्यापर्यंत आले. आडनाव विचारलं, आळी विचारली, आणि थांबले. "म्हणजे तू त्यांचा धाकटा? अरे, मी आणि तुझे वडील एका शाळेत. परवाच भेटले होते, तुला चिठ्ठी दिलीये." मग त्यांनी काकांकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं. त्यांचं आडनाव पुणेकर नजरेला विचारावं लागलं नाही. "मग इथे कुठे बसलायस? ये, आमच्यात ये. श्रीखंड आहे तिकडे, सावर क्रीमचं का होईना." आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवून, "ही वांगी कुणाकडची?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारलं होतं, असं म्हणतात. माझं एकदा नाकारूनच भागलं.

मी उठलो. जाता जाता पिंप लागलं. ताट कागदी होतं, मीच आणलेल्या प्लेटांपैकी. ते त्यात गेलं आणि मी कोरी प्लेट घेतली. हे सगळं इतक्या सहज झालं की मला वाटलं, कुणाला दिसलंच नसेल. मागे पाहिलं तर नागपूरचा माझा सोबती स्वतःची प्लेट त्याच पिंपात टाकत होता. माझा बर्णबा. श्रीखंड आंबट होतं. दोनदा घेतलं.

खरी गंमत पुढे आहे. माझ्याकडे गाडी नव्हती. ठरल्याप्रमाणे मला राइड द्यायची होती ती काकांनीच. त्यांनी ती दिली. रूममेटला आणि मला. काकू पुढे बसली. वांग्यांचा ट्रे मागे ठेवला तर वाटेत सांडला असता, म्हणून तो माझ्या मांडीवर. फॉइल जसंच्या तसं, एका कोपऱ्यातून फक्त तीन वांग्यांची जागा रिकामी. फ्रीवेवरची ती चाळीस मिनिटं मी तो कोमट ट्रे धरून बसलो होतो. आता काका बोलतील, तोंडावर बोलतील, पौलासारखे बोलतील, याची वाट बघत होतो. बोलले असते तर बरं झालं असतं. काका म्हणाले, "ट्रान्समिशन आवाज करतंय. बघायला हवं." घरापाशी उतरलो तेव्हा ट्रे सीटवर ठेवला. काकांनी इंजिन बंद केलं नाही.

तीन रविवार गेलो नाही. चौथ्या रविवारी बस घेऊन, मग दोन मैल चालत गेलो. बस रविवारी येत नाही हे मला माहीत होतं. ती त्या दिवशी आली, बहुधा मला शिक्षा म्हणूनच. जाताना एक वाक्य तयार केलं होतं. मला वाटत होतं ते फार नम्र आहे, आणि शिवाय अभ्यासू.

दार काकूने उघडलं. आतून पेटीचा आवाज येत होता. काका पौलावर बोलायच्या आधीचं भजन चाललं होतं. तिने मला आत बोलावलं नाही आणि जाही म्हणाली नाही. हातात डाव होता.

"काकू," मी म्हणालो, "चुकलं माझं. पण माणूस घाबरतो. पेत्रसुद्धा..."

"त्याचं नाव घेऊ नको," काकू म्हणाली. "पेत्र निदान यरुशलेमला भ्याला. तू श्रीखंडाला भ्यालास."