न कुरकुरणारी दारं

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे फ्रिस्कोला यायला तयार झाली आणि आम्ही आई-बाबांचं पार्सिपनीचं घर विकायला काढलं. एजंट नको, रोखीने घेणारा कुणी भेटला तर बघू, असं ठरलं. दोघं येऊन गेले. दोघांनाही घर पाडून नवं बांधायचं होतं.

तिसरा आला तो साठीचा, उंच, हातांवर रंगाचे डाग असलेला गोरा माणूस. कुणी न सांगता त्याने बूट दाराशी काढले. छप्पर, नळ त्याने भराभर पाहिले. दारं मात्र एकेक करून हळूच उघडली, लावली आणि कान देऊन ऐकली.

"छप्पर बदलावं लागेल, म्हणून थोडे कमी देईन," तो म्हणाला. "पण ही दारं कोण बघायचं?"

मी बोलण्याआधीच आई म्हणाली, "माय हजबंड. एव्हरी दिवाळी, ऑइल."

तो हसला. "इतक्या जुन्या घरात एकही दार कुरकुरत नाही. असं घर मी पाडणार नाही. माझी मुलगी राहील इथे."

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ओके, डन," म्हणाली.

मग तीच त्याला कढीपत्त्याला ऊन मिळणारी खिडकी दाखवायला वर घेऊन गेली. बँकेत, डॉक्टरकडे आजवर बाबाच बोलायचे. आता तिचं मोडकंतोडकं इंग्रजी वरून सलग ऐकू येत होतं आणि मधूनमधून त्याचं हसणं. मी जिन्यावर बसून राहिलो. घर विकताना वाईट वाटणार, अशी तयारी करून आलो होतो. ते राहूनच गेलं.