मावशींची पाठ

“ऱ्हाऊ द्या, मी हाय की.” मदतीला कुणी उठलं की मावशी असं म्हणत आणि पुढच्याला खाली बसवत. अंबाजोगाईत मी मेडिकलच्या पोरांसाठी मेस चालवतो. मेस चालवतो म्हणजे मी गल्ल्यावर बसतो; चालवत होत्या त्या मावशी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपला आळस त्यांच्या जिवावर सुखाने नांदतो.

एके सकाळी वरणाचं भलंमोठं पातेलं भट्टीवरून उतरवताना त्यांच्या पाठीत चमक भरली. त्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या. मी उठलो होतो, पण नेहमीच्या वाक्याची वाट पाहत. ते आलं नाही, तेव्हा घाबरलो.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. पुढे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मी पगार चालू ठेवला आणि ही गोष्ट इतक्या जणांना ऐकवली की शेवटी भाजीवालाच मला म्हणाला, “माहीत हाय मालक, पगार चालू हाय.”

मावशी परतल्या त्या दिवशी मी पोरांसमोर त्यांना शाल दिली, छोटं भाषणही ठोकलं. मग गल्ल्याशेजारी गादीच्या खुर्चीत बसवलं. काम काही नाही. आपल्यासारखा मालक जिल्ह्यात नसेल, असं मला वाटत होतं.

आठवडाभरात मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. “मालक, काढायचं आसंल तर सरळ सांगा. असं पाहुणी करून नका बसवू.”

“अहो, डॉक्टरांनीच...”

“उचलू नको म्हणलेत. सैपाक करू नको न्हाई म्हणले.”

आवाज शांत होता, पण हात पदराशी चाळा करत होते. माझ्या कौतुकाच्या खुर्चीत ही बाई रोज नोकरी जाण्याच्या भीतीनं बसत होती.

“मग काय करू?” मी विचारलं. हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. शाल मात्र आधी सुचली.

जमिनीवरची भट्टी ओट्यावर घ्यायची, एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन लहान, आणि उचलायला दोघं जण, असं ठरलं. ओट्याचं माप मी उत्साहात स्वतःच्या कमरेला धरून दिलं. बांधलेला ओटा मावशींच्या छातीला लागला. गवंड्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातोडा उचलला. ओटा फोडला आणि या वेळी मावशींना उभं करून बांधला.

त्या ओट्यावर त्यांनी पुढे कितीतरी वर्षं स्वयंपाक केला. गेल्या उन्हाळ्यात त्या लेकीकडे गेवराईला गेल्या, कायमच्या.

त्यांच्या जागी आलेल्या बाईला पहिल्याच सकाळी मी म्हणालो, “पातेलं एकटीनं उचलायचं नाही.”

तिने संशयानं माझ्याकडे पाहिलं. “कावून? आधीच्या बाईला काय झालतं?”

मी सांगायला बसलो. वरण करपल्याचा वास आला तेव्हा कुठे थांबलो.