आत्याची सही

अख्ख्या बडोद्यात ‘थांबा’ हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा कोणी उच्चारला असेल, तर तो माझ्या धाकट्या आत्याने. आणि तोही भल्याभल्यांना! मोठमोठे सर्जन, दवाखान्याचे ट्रस्टी, फीत कापायला कात्री घेऊन सज्ज असलेले पाहुणे, सगळ्यांना तिने दारात ताटकळत ठेवलंय. आत्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बायोमेडिकल इंजिनिअर होती. म्हणजे नेमकं कोण, हे आमच्या आजीला शेवटपर्यंत उमगलं नाही. “डॉक्टर माणसं बघतात, आमची ही मशीनं बघते,” एवढं ती वाडीतल्या बायकांना सांगायची आणि वर पुस्ती जोडायची, “हिचे आजोबा नाही का संस्थानाच्या तोफा सांभाळायचे, तसंच.” मला मात्र शाळेपासून या आत्याचा असा काही अभिमान होता, की विचारू नका.

तिच्या अंबाड्यात फूल कधी दिसलं नाही, टेस्टर दिसायचा. लग्नाला गेली की अक्षता हातात घ्यायच्या आधी मांडवातल्या वायरी तपासणार. पुढे आम्ही गावातच समा भागात राहायला गेलो, तिथे शेजारच्या गुजराती बा आपला गुडघा घेऊन यायच्या, “बेन, तमे दवाखानामां छो ने, जरा जुओ ने.” आत्या गुडघा नीट न्याहाळायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायची, “बा, आना पार्ट मारी पासे नथी.” तिला बघायला एकदा अकोट्याहून मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांचं कानातलं मशीन सारखं शिट्टी मारत होतं. मुलीने खाली मान घालून बसायचं, तर हिने पोह्यांची एक बशी रिकामी केली, त्यात ते मशीन उघडलं आणि ठीकठाक करून त्यांच्या कानात परत बसवलं. लग्न काही जमलं नाही. पण ते गृहस्थ पुढे दर दिवाळीला मशीन साफ करून घ्यायला यायचे आणि चहा पिताना “आमच्याच पोराचं नशीब फुटकं” म्हणून हळहळायचे.

नव्वदनंतर परदेशी मशीनं धडाधड यायला लागली आणि आत्याचा भाव वधारला. जपानी पुस्तकातली नुसती चित्रं बघून तिने सोनोग्राफीचं मशीन चालू केलं होतं, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की बाईंनी मला उभं केलं. तिचा नियम एकच. मशीन नवं असो की दुरुस्त केलेलं, आधी चार तास तिच्या डोळ्यांसमोर चालणार, मग ती त्या मशीनच्या कार्डावर सही करणार. सही नसेल तर नर्ससुद्धा त्याला हात लावत नसत. कंपनीचा टायवाला माणूस म्हणायचा, “मॅडम, आमच्याकडून टेस्ट होऊनच येतं.” ही म्हणायची, “कंपनी तिकडे, पेशंट इकडे. थांबा.”

मग माझी पाळी आली. उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, कडाक्याच्या थंडीत, आठवा महिना सरायच्या आत माझी लेक झाली. ओंजळीत मावेल एवढीच. तिला उबेच्या काचेच्या पेटीत ठेवायला हवं होतं. बाळंतपण आत्याच्याच दवाखान्यात, आणि तिथे पेट्या दोनच. एकीत दुसरं बाळ होतं आणि दुसरी आत्याच्या टेबलावर, नुकतीच दुरुस्त झालेली. डॉक्टर म्हणाले, तोवर बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून ठेवा, पण फार वेळ लावू नका. आईने तर हातच जोडले, “अगं, घरचं पोर आहे, कर ना सही!” आत्या म्हणाली, “वहिनी, चार तास.” मी पलंगावरून ओरडले, “आत्या, माझं बाळ गारठतंय गं!” तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “घट्ट धर तिला,” एवढंच बोलली आणि निघून गेली. तिच्या पाठीमागे मी तिला नाही नाही ते बोलले. मूल नसलेल्या बाईला काय कळणार, असंही बोलले.

तिसऱ्या तासाला पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा चढायला लागला. पेटीवरचा आकडा मात्र सगळं आलबेल दाखवत होता. आत बाळ असतं तर भाजून निघालं असतं. आत्याने पेटी उघडली, बिघडलेला भाग बदलला आणि पुन्हा पहिल्यापासून चार तास! संध्याकाळी दिवे लागले तेव्हा तिने स्वतः पेटी ढकलत आणली आणि माझ्या कुशीतून लेकीला उचलून आत ठेवलं. ती लेक आज कॉलेजात जाते आणि घरात एक शब्द कुणाचा ऐकत नाही.

मी त्या बोलण्याबद्दल नंतर माफी मागितली. आत्या “चाल ने, सोड” म्हणाली आणि तो विषय संपला, असं मला वाटत होतं. परवा ती रिटायर झाली. जुनी मशीनं भंगारात गेली, त्यांची कार्डंही जाणार होती. त्यातलं एक ती माझ्यासाठी घरी घेऊन आली. त्या पेटीचं, त्या दिवसाचं. संध्याकाळची सही खाली होती. पण तिच्या वरती, सकाळच्या वेळेला, आणखी एक सही होती. केलेली आणि आडवी रेघ मारून खोडलेली.

“हे काय गं?” मी विचारलं.

“तू ओरडलीस ना, ते ऐकून तुझ्या खोलीतून बाहेर आले आणि केली सही. पेटी तुझ्या दारापर्यंत आणलीसुद्धा होती.” आत्या साडीच्या पदराशी चाळा करत होती. “मग परत फिरले. सगळ्या नोकरीत खोडलेली सही ही एवढीच. लाज वाटते बघ अजून.”

लाज! मला तर तिला उचलून गावभर मिरवावंसं वाटलं.

“खोडताना वाटलं,” ती हळूच म्हणाली, “पोर वाचेल. पण तू काही आता माझ्याशी जन्मात बोलायची नाहीस.”