आढाव सरांनी दिलेला भोपळा

शांतवन आढाव सरांची परीक्षा घेणारी एकच व्यक्ती साऱ्या पनवेलात होती, आणि ती मासे विकायची.

सर म्हणजे लहानसहान माणूस नव्हे हो! चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात तीस वर्षं ईश्वरविज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकवलं, ग्रीक-हिब्रू कोळून प्यायले. निवृत्त होऊन खांदा कॉलनीत आले ते अर्धवट ग्रंथ काखोटीला मारूनच. विषय एकच: देव चांगला, तर भल्या माणसाच्या वाट्याला दुःख का? बावीस वर्षं लिहीत होते. इथं आल्यापासून प्रत्येक प्रकरण रोडपालीच्या भामाबाईंना वाचून दाखवायचे. त्या सरांच्या दारात कोळंबी सोलत ऐकायच्या. "मना नाय समजला," म्हणाल्या की सर कागद टराटरा फाडायचे. त्यांच्या पत्नी सुवार्ताबाई हसायच्या, "विद्यापीठानं डॉक्टर केलं, पण खरी पदवी कोळंबीवालीकडे!"

अकरा प्रकरणं पास झाली होती. छापखानेवाला नाताळाच्या आत हवं म्हणून हात धुऊन मागे लागलेला. एका शुक्रवारी सरांनी शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात सरळ कबुली होती: दुःख का येतं, मला ठाऊक नाही. दुःखी माणसाशेजारी जाऊन बसावं, एवढंच ठाऊक आहे.

"बराबर हाय. समजला मना," भामाबाई म्हणाल्या. सरांची कळी खुलली. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पन यवढ्यासाठी बावीस वर्सं? आदी कुनी सांगितला नाय तुमाला?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. सांगितलं होतं ना! पंचवीस वर्षांपूर्वी, तोंडी परीक्षेत, सत्यजीत थोरात नावाच्या पोरानं. प्रश्न हाच. तो म्हणाला, "ठाऊक नाही, सर. मी नुसता जवळ बसेन." सरांनी भोपळा दिला, आणि वर सुनावलं, "पाळक होणं तुझं काम नव्हे." पोरगा विद्यालय सोडून गेला. आता कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया विकतो. रविवारी चर्चमध्ये लांबून सलाम करतो, बस्स.

"ज्याला नापास केलं त्याचंच उत्तर माझ्या नावावर छापू? छे! आधी त्याची क्षमा मागेन, मगच ग्रंथ," सर म्हणाले. सुवार्ताबाईंनी लगेच त्यांच्या हातात छत्री दिली.

दुसऱ्या दिवशी ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत सर दुकानात पोचले. सत्यजीत ताडकन उठला. "सलाम, सर! तुम्ही इथं?"

सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. वही उघडून शेवटचं पान वाचलं. "तुझं उत्तर बरोबर होतं, बाळा. मी चुकलो. क्षमा कर."

सत्यजीत खो खो हसत सुटला. "सर, खरं सांगू? त्या दिवशी माझा अभ्यासच झाला नव्हता! आठवडाभर आईच्या उशाशी बसलो होतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती गेली." हसता हसता त्याचे डोळे भरले.

ग्रीक कामी आलं नाही, हिब्रू कामी आलं नाही. सरांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. चहा दोनदा आला, दोनदा गार झाला.

मंगळवारी भामाबाईंनी नवं शेवटचं पान ऐकलं. त्यात सत्यजीतचं नाव होतं, त्याच्या आईचंही.

"यो पोरगा पास ना?" त्यांनी दरडावून विचारलं.

"पास. पहिला नंबर."

"मंग तुमी पन पास," म्हणत भामाबाईंनी टोपली उचलली.