तीन नंबरचा पाईप

मी आयुष्यभर पाईप फिटर. हाताला लागतं तेवढंच खरं मानणारा माणूस. भूतखेत, बाहेरची बाधा... सुपेल्याच्या चौकात कोणी असल्या गप्पा सुरू केल्या की मी सायकलवर टांग मारून निघायचो. तरीही आज हे लिहितोय, कारण त्या दिवशी माझ्या हाताला जे लागलं ते दुसऱ्या कोणालाच लागलं नाही.

साठच्या दशकाची सुरुवात. आमच्या पोलाद कारखान्याचं, म्हणजे प्लांटचं, बांधकाम अजून चालू होतं. कामगारांच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, क्वार्टर मिळून आम्हाला वर्ष झालं होतं. मागच्या अंगणात एक तुळस, एक पपई आणि दोघींच्या मधे माझ्या मेहुण्याची मोटार! मधू, म्हणजे माझ्या बायकोचा, विमलचा, धाकटा भाऊ. दुर्गच्या एका वकिलांच्या शेडमध्ये पडलेली ती विलायती, दोन सीटची, बिनछताची गाडी त्याने ओढून आणली होती. नागपूरजवळ काही हौशी लोक रविवारी गाड्यांची शर्यत लावणार होते. मधूला त्यात उतरायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

गाडीला चार सिलिंडर, पण चौघांचा धूर एकाच बोजड बिडाच्या नळीतून कोंबत बाहेर पडायचा. मी ठरवलं, प्रत्येकाला वेगळा पाईप द्यायचा, चारही सारख्या लांबीचे, पुढे जाऊन एकत्र जोडलेले. इंजिन मोकळं होतं, पळतं. नातू सांगतो, याला आता ‘हेडर’ म्हणतात आणि तयार मिळतात. मिळोत बापडे! आम्ही सुपेल्याच्या कबाड्याकडून पाईप आणले, चेपू नयेत म्हणून आत कोरडी वाळू ठासून भरली, लालभडक तापवले आणि वाकवले. आठ दिवस ड्यूटीवरून आलो की हेच. एवढं सुबक काम मी प्लांटमध्येही केलं नव्हतं, हे सांगायला मला लाज नाही.

विमल मात्र धुसफुसत होती. शुक्रवारी ताट वाढताना म्हणालीच, “माहा एकच भाऊ आहे. मागच्या साली फटफटीवरून पडून खांदा मोडला, आता काय जीव देते का तो? तुमी त्याले सांगा ना, पाईप बसूनच नाही राहिले म्हून.”

“अवं, काही होत नाही त्याले,” मी म्हटलं.

खरं तर ब्रेक दाबले की गाडी डावीकडे ओढायची. मला ठाऊक होतं, मधूलाही. पण माझे पाईप पळताना बघायची मलाच घाई झाली होती.

शनिवारी सकाळी, चांगलं लख्ख ऊन असताना, आम्ही गाडी चालू केली. काय आवाज! शेजारची माणसं दारात आली. मधू सीटवर बसून अॅक्सिलरेटर दाबत होता. बॉनेट उघडं, म्हणून त्याला पुढचं दिसत नव्हतं. सगळे सिलिंडर नीट चालतात का हे बघायची आमची साधी रीत म्हणजे पाईपवर पाण्याचे थेंब टाकायचे. मी ओलं फडकं पिळलं. एक नंबर, चर्र. दोन, चर्र. तीन...

थेंब तसेच बसून राहिले.

चार पुन्हा चर्र. मग तीनचा सिलिंडर बंद असणार. मी त्याच्या प्लगची वायर काढली, तर इंजिन लगेच अडखळलं! म्हणजे सिलिंडर चालू होता. वायर परत लावली. पाच-सात मिनिटं तापलेलं इंजिन, आत आग, आणि बाहेर पाईप थंड? मी आधी बोट लावलं, मग अख्खा तळवा टेकवला. सकाळच्या नळासारखा गार लागला. बाजूच्या दोन्ही पाईपांची धग मनगटाला जाणवत होती, मधला मात्र गार.

“मधू, इकडे ये बे! तीन नंबर थंडा आहे.”

“काहीही काय सांगून राहिले भाऊजी!” तो इंजिन चालूच ठेवून आला.

“हे पाय, माहा हात आहे ना यावर. तू बी हात लावून पाय.”

माझा तळवा पाईपवरच होता. त्याच्या बाजूला, दोन बोटांच्या अंतरावर, मधूने मुठीत पाईप धरला.

ती किंकाळी मी विसरलेलो नाही. तळव्याची कातडी पाईपलाच चिकटून राहिली. विमल स्वयंपाकघरातून धावत आली, त्याचा हात बादलीत बुडवला. मी माझा हात उलटा-पालटा करून बघत उभा होतो. काळा डागसुद्धा नव्हता. पुन्हा लावायची हिंमत मात्र झाली नाही.

मधू दुसऱ्या दिवशी शर्यतीत स्टिअरिंग धरूच शकणार नव्हता. पट्टी बांधून आला तेव्हा एवढंच म्हणाला, “ओलं फडकं होतं तुमच्या हातात. मले जाऊ द्यायचं नव्हतं, तर तोंडानं सांगायचं होतं.” मी शपथा घेतल्या. त्याने गाडी विकली आणि कितीतरी वर्षं आमच्या घराची पायरी चढला नाही. पुढे बोलला तेही लग्नाकार्यात, चार लोकांपुरतं.

प्लांटमधल्या शिकलेल्या लोकांना विचारलं. कोणी म्हणालं हात निबर झालेले, कोणी म्हणालं भास. निबर हात भाजत नाहीत का? आणि पाण्याच्या थेंबांना कसला भास होणार?

विमलचा मात्र पक्का समज झाला की तिच्या शब्दाखातर मीच ते घडवून आणलं. मी दरवेळी नाही म्हणायचो, ती दरवेळी हसायची. मी तर त्याला पाठवायलाच निघालो होतो, हे तिला कधी पटलंच नाही.

गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, “माह्या भावाले वाचवलं तुमी. एकदा तरी हो म्हना ना.”

मी हो म्हणालो.