मला वाटलं, सोयाचं आहे

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की मी पेपर उघडायचो किंवा चष्मा शोधायला आत जायचो. पण ज्या दोघींपाशी ती कबूल करायला हवी होती, त्या दोघीही आता नाहीत, आणि नातेवाइकांत अजून खोटंच चालू आहे.

बँकेच्या बदलीने कोलकात्याला आलो आणि निवृत्तीनंतर गरियाहाटलाच राहिलो. घर शाकाहारी. बँकेच्या कँटीनमध्ये मी आम्लेट खातो हे बायकोला माहीत होतं. तेवढं ती सोडून द्यायची. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत पूजेला मी बसत असे, त्यामुळे आमच्या सोवळ्याचा थोडा बोलबालाही होता.

मुलाने बंगाली मुलीशी लग्न केलं. बायको आधी नाराज झाली, मग तिनेच सुनेला मोदक शिकवायला घेतले. "आई, आठ कळ्या पडल्या!" सून ओरडायची. "आठ? गणपतीला काय बटाटेवडा देणार आहेस?" असं म्हणून बायको हसायची. नैवेद्याचं पान एकदा आपण एकटीने वाढायचं, ही सुनेची इच्छा होती. बायकोने पुढच्या वर्षीचा शब्दही दिला होता.

त्याच सुमारास माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बायको तिच्या आजारी भावाकडे पुण्याला गेलेली, म्हणून मी न्यू टाउनला मुलाकडे राहिलो. रविवारी मुलगा ऑफिसच्या कामात असायचा आणि सून उशिराच्या नाश्त्याला कीश नावाचा फ्रेंच पदार्थ करायची. मैद्यात गार लोणी चोळायची, पोळी जाडसर लाटून खोलगट टिनमध्ये बसवायची. पोळी फुगू नये म्हणून तिच्यावर कागद घालून मूठभर राजमा पसरायची आणि तशीच भाजायला ठेवायची. मला त्या राजम्याची गंमत वाटे. मग तव्यावर तिखट सॉसेजचे काप परतायची. लाल तेल सुटायचं, मिरचीचा ठसका यायचा. त्यावर कांदा, शेवटी अंडी, साय आणि चीज.

पहिल्या रविवारी तिने माझ्यासाठी चीज-टोस्ट केला होता. मीच म्हणालो, "त्यातलं थोडं दे बघू."

ती थांबली. कुणाला तरी विचारून पाठ केल्यासारखं मराठीत म्हणाली, "बाबा, हे डुकराचं मांस आहे. तुम्हाला चालेल?"

"आईला सांगू नकोस म्हणजे झालं."

दोन तुकडे खाल्ले. पुढचे तीन रविवार मीच सकाळपासून विचारत होतो, आज करणार ना?

चौथ्या रविवारी बायको आणि तिची थोरली बहीण संध्याकाळी यायच्या होत्या. विमान सकाळचं मिळालं आणि दोघी अकरालाच दारात. माझ्या ताटलीत अर्धा तुकडा होता. मेव्हणीने वाकून पाहिलं.

"भावोजी, हे लाल लाल काय?"

सून हळूच म्हणाली, "सॉसेज, मावशी."

"अगंबाई! आणि पूजेला तुम्हीच बसता ना?"

बायको माझ्याकडे पाहत होती. मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "मला वाटलं, सोयाचं आहे."

इतकं सहज निघालं ते तोंडातून. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला कळत होतं. मी पाण्याचा पेला उचलला.

"चूक माझी, आई," ती म्हणाली. "मी बाबांना सांगितलं नाही."

"डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला फसवून खायला घातलंस?" बायको एवढंच बोलली.

त्यानंतर त्या घरी तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना स्वतःचा डबा आणि बाटली न्यायची. गणपतीत सून बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की बायको म्हणायची, "राहू दे, होतंय." मी पाटावर बसून मंत्र म्हणत असायचो. एक वाक्य बोललो असतो तर तिला आत घेतलं असतं. पण मग पाट सुटला असता, आणि मेव्हणीने पुण्यात गावभर केलं असतं.

बायकोच्या शेवटच्या आजारपणात सून रोज न्यू टाउनहून पेज घेऊन यायची. बायको मान वळवायची. मग आयाबाईने केलेली पेज भरवावी लागे. सून डबा धुऊन परत न्यायची.

गेल्या पावसाळ्यात सुनेला डेंग्यू झाला. हॉस्पिटलात मी ठरवूनच गेलो होतो. मुलगा औषधं आणायला खाली गेला आणि आम्ही दोघंच उरलो. तिने डोळे उघडले.

"बाबा, जेवलात?"

"हो," मी म्हणालो. जेवलो नव्हतो. पुढचं बोलणार तोच नर्स सलाईन बदलायला आली आणि मी बाहेर जाऊन बसलो. दोन दिवसांनी ती गेली.

मेव्हणीचा फोन आला. रडली, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "पोर चांगली होती हो, तुम्हाला फसवलं तेवढं एक सोडलं तर." तेव्हाही मी "हं" म्हणालो.

त्या खाटेशी मला एवढंच बोलायचं होतं: तू मला विचारलं होतंस. मी समजून खाल्लं, मागून खाल्लं, आणि दोष तुझ्यावर जाऊ दिला. मला क्षमा कर, बाळ.